महाप्राण

पाणी चौथ्या दिवशी येतं आमच्या विडी घरकुलात,
पहाटे तीनला, आणि त्या वेळी कुणीच कुणाला
'झोपू दे गं' म्हणत नाही.
म्हणून माझा रियाज नळाखाली.

रिकामी घागर धरली की खर्ज लागतो,
भरत जाते तसा सूर चढतो,
गळ्यापाशी आली की एकदम वर पळतो
आणि त्याच्या मागे मी.
तिला दम लागत नाही, मला लागतो.
शेजारची राजव्वा म्हणते, हंडा लाव की, लवकर उरकेल.
तिला कसं सांगू, हंड्यात तो गंधार नाही.

ऑडिशन रविवारी, पार्क चौकापलीकडच्या शाळेत.
नवं संगीत नाटक. दोन पदं, एक स्वगत,
सोबत फोटो, आणि वय.
मी एकोणचाळीस लिहिलं.
नायिका एकोणीसची आहे हे नंतर कळलं.
खोडलं नाही.

जोगदंड सर सायकलच्या दुकानावरच्या खोलीत पेटी शिकवतात.
पद ऐकून म्हणाले, सुरात आहेस,
पण 'भरल्या घरात' म्हणतेस की 'बरल्या गरात'?
मी म्हटलं, तेच की.
तेच नाही. मधला ह कुठाय?
व्याकरणात याला महाप्राण म्हणतात,
आणि तो तू घरी ठेवून येतेस.

घरी ठेवून येते, खरं आहे.
घरी तेलुगू. आमच्या गल्लीत
ह ला कुणी खोली भाड्यानं देत नाही.

म्हणून कारखान्यात, टॉवेलच्या कडा मारताना,
मशिनवर बसलेला कापसाचा तंतू
डाव्या तळव्यावर घेते, ओठांसमोर धरते.
बरल्या. तंतू गप्प.
भरल्या. तंतू उठून थेट
अनसूयाच्या चहात.
दिवसाला चारशे टॉवेल, तेवढेच भ.
घ पोटातून आणावा लागतो.
झ अजून येत नाही,
मालक मागे उभा असला तर मुळीच नाही.

माग शेजारच्या शेडमध्ये. लोकांना वाटतं
मागाजवळ वाढलेल्यांना ताल फुकट मिळतो.
खोटं आहे. माग कधी समेवर येत नाही,
तो नुसता पुढे जातो.
मला सम सापडली ती लाइट गेल्यावर.
शंभर माग एकदम थांबले
आणि माझी टाळी एकटीच ऐकू आली.

शनिवारी रात्री अम्माला पद म्हणून दाखवलं.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पानावर कात्री चालू.
पूर्ण ऐकलं तिनं. मग विचारलं,
काय म्हणते ती बाई?
मी तेलुगूत सांगायला लागले:
तिचा माणूस परत आलाय, बारा वर्षांनी,
घर पाहुण्यांनी भरलंय, सगळ्या त्याला ओवाळतायत,
आणि ती ताट घेऊन उभी आहे
आणि तिला त्याचा चेहरा आठवत नाही.
सांगता सांगता आवाज बसला माझा,
खर्जातसुद्धा कधी एवढा खाली गेला नव्हता.

कात्री थांबली.
'अंते ना?' अम्मा म्हणाली. एवढंच ना?
मग पान उलटं करून शीर काढत,
'तुझा बाप भिवंडीहून आला तेव्हा
मला चेहरा आठवत होता.
ओळख दिली नाही मी, दोन दिवस.'

सरांनी शिकवलेल्या ताना
त्या रात्री एकेक उतरवून ठेवल्या,
लग्नाहून आल्यावर बांगड्या उतरवतात तशा.
दोन राहू दिल्या.

रविवार. नंबर सतरा. माझ्या आधी
सोळा मुली, सगळ्यांच्या बाटलीत कोमट पाणी.
टेबलावरच्या पोरानं मान वर न करता विचारलं, नाव?

घरी मी बूदेवी. कारखान्यात बूदेवी.
नवऱ्यानं हाक मारली तेवढी वर्षं बूदेवी.
रेशन कार्डावर दुसरीच कुणीतरी.
श्वास घेतला.
भूदेवी येमूल.
त्याच्यापुढचा कागद जरासा हलला.
पंखाही चालू होता म्हणा.

पट्टी?
आमच्या घागरीची, असं अगदी ओठावर आलं होतं.
काळी चार, म्हटलं.