ओहोटीची वाट

मी टपाल नेते हालिगवर,
वादळात बुडणाऱ्या त्या बुटक्या बेटावर,
आठवड्यातून दोनदा, चिखलातून, अनवाणी,
उत्तर समुद्राची पाठ उघडी पडते तेवढ्याच वेळात.
भरतीचं वेळापत्रक माझ्या स्वयंपाकघरात टांगलेलं,
त्यावरच वधस्तंभ. खिळा एकच.

बोये टाडसेन म्हणायचा, "घाई काय, फेन्ना?
माफ करणं हा त्याचा धंदाच आहे."
आणि शनिवारी बायकोवर उगारलेला हात
रविवारी प्रभुभोजनाच्या भाकरीसाठी पसरायचा.
वाटेवरही तसाच, शिंपले वेचत, रेंगाळत,
समुद्र जणू घरचा गडी,
हाक मारेपर्यंत दाराबाहेर उभा राहील.

त्याचा भाऊ हारो.
एकोणीस वर्षांपूर्वी धुक्यात
त्याच्या हातून एका पोराचा हात सुटला.
तेव्हापासून बांधावर बसतो, चर्चकडे पाठ करून.
पाळकबाई सांगून थकल्या.
"ते दार माझ्यासाठी नाही," म्हणतो,
हळू, पण जराशा ऐटीत,
जणू त्याचं पाप
देवाच्या हाताहून वीतभर लांब.

मला दोघांचाही राग यायचा.

मग एका नोव्हेंबरात मी उशिरा निघाले.
म्हटलं, तीस वर्षं चालतेय, समुद्र मला ओळखतो.
अर्ध्यावर धुकं. घोटे. पोटऱ्या.
गुडघ्याला पाणी लागलं तेव्हा
मी पिशवी डोक्यावरून खाली घेतली
आणि नुसती उभी राहिले.
कुठे जायचं? कशाला?
तासाभरात मी बोये झाले होते, आणि हारोही.

तेवढ्यात घंटा.
वेडीवाकडी, उपासनेची वेळ नसताना,
थांबायचं नाव नाही.
तिनं मला उचललं नाही.
फक्त कुठल्या बाजूला जमीन आहे ते सांगत राहिली.
पाय माझे मलाच उपसावे लागले,
एकेक, चिखलाच्या तोंडातून.

दोराशी हारो होता.
तळहात सोललेले, टोपी डोक्यावरच,
चर्चमध्ये ती काढतात हेही विसरलेला.
"वाटलं, कुणी नसेलच," म्हणाला.
"मलाही," मी म्हटलं.
त्या दिवशी त्याच्या नावाचं पत्र नव्हतं.
बोयेचं होतं, भिजून लगदा झालेलं.

आता घड्याळ बघून निघते.
धुकं असलं तरी निघते.
वेळापत्रक अन् वधस्तंभ
अजून त्याच खिळ्यावर,
एक काढायला गेलं
की दुसरं हातात येतं.