जिथे झाड होतं, तिथून

मानाग्वात घरांना नंबर नसतात.
म्हणजे असतील काही, पण विचारतं कोण?
पत्ता असा सांगतात:
जिथे झाड होतं, तिथून दोन गल्ल्या तळ्याकडे,
एक गल्ली वर, मग पन्नास वार,
निळं फाटक, कुत्रा भुंकतो पण चावत नाही.

वर म्हणजे चढ नव्हे. वर म्हणजे उगवती.
खाली, मावळती.
तळं ज्या अंगाला ती उत्तर,
तळं दिसो न दिसो.

झाड मी पाहिलेलं नाही.
बहात्तरच्या भूकंपात गेलं म्हणतात.
कुणी म्हणतं, छे, भूकंपातून वाचलं,
पुढे तारा ओढणाऱ्यांनी तोडलं.
मला कळायला लागलं तेव्हा तिथे टायरचं दुकान होतं.
आता तेही नाही.
पण टायरवाल्याला कुणी धरत नाही,
सगळे झाडापासूनच मोजतात.

फोन मी हँडलला रबराने बांधलाय.
काचेला तडा आहे, अगदी नकाशातल्या रस्त्यासारखा,
पहिला आठवडा मी त्या तड्यावरून वळायला बघायचो.
आतली बाई स्पेनची.
दातांत जीभ धरून बोलते,
तीनशे मीटरवर उजवीकडे वळा.
तिला तळं ठाऊक नाही, वार ठाऊक नाही.
दुपारी दोनला ती तापते, काळी पडते:
यंत्र थंड होऊ द्या.
मग तिला इन्सुलिनच्या डब्यात ठेवतो, बर्फाशेजारी.

बर्फ पाऊण तास टिकतो.
एकदा तिने मला नाल्याच्या काठावर नेऊन उभं केलं:
आपण पोचलात.
खाली काळं पाणी, त्यात कुणाचं तरी सोफ्याचं बूड.
पलीकडे एक बाई चादरी वाळत घालत होती.
एर्मेलिंदा तेयेसचं घर? मी ओरडलो.
अरे, ते होय, ती ओरडली,
जिथे पूल होता ना, तिथून…

एका रात्री बसलो, झाड नकाशात घालायला.
टिंब ठेवलं. नाव लिहिलं.
प्रकारांत झाड नव्हतं, म्हणून उद्यान निवडलं.
फोटो मागितला. रिकाम्या जागेचा दिला,
कोपऱ्यात एक टायर आलाय.
नऊ दिवसांनी उत्तर:
या ठिकाणाचं अस्तित्व पडताळता आलं नाही.
खरं आहे.
मलाही कुठे आलंय?

काल साडेअकराला नवं गिऱ्हाईक.
आवाज कोवळा, लेऑनहून नुकतीच राहायला आलेली,
वडिलांचं औषध.
पत्ता कागदावरून वाचत असावी, अडखळत होती:
जिथे दोन्या आउक्सिलिआदोराची
नाकातामालची टपरी होती,
तिथून एक गल्ली वर, वीस वार तळ्याकडे.

होती.

कळलं ना? तिने विचारलं.
कळलं.
टपरी आता नाहीये म्हणे, पण इथले सगळे
तसंच सांगतात, यादेर, मी तरी काय करू?
बरोबर सांगतात, म्हटलं.

फोन रबरातून काढला,
डब्यात घातला. तापलेला नव्हता.

त्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात,
चकचकीत, वाऱ्यावर हलणारी.
शनिवारी पहाटे तिथे बसून मी केळीची पानं पुसायचो.
देठाकडून पूस, नाहीतर फाटेल, आई म्हणायची,
आणि फाटलं की तेच पान
माझ्या वाट्याच्या नाकातामालला लावायची.

थांबलो नाही. गाडी जराशी हळू केली, एवढंच.
मग एक गल्ली वर.
डब्यातून ती बाई काहीबाही सांगत राहिली,
परत फिरा, परत फिरा, असं काहीतरी.
मी दार वाजवलं तेव्हा
बर्फ जवळजवळ सगळा शिल्लक होता.