तीन रिवेट

पिट्सबर्ग. गॅरेजमध्ये रॉकेलचा हीटर,
दाराशी मीठ फेकलेला काळा बर्फ.
हॉलिस ग्रँडबेरी, वय अठ्ठ्याहत्तर,
स्टँडवरची चावी सैल करतो दोन बोटांनी,
झोपलेल्याच्या गळ्याचं बटण काढावं तशी.

बावीस इंची राइड.
चार भाग तांबं, एक भाग कथिल,
आणि कुणा अनोळखी हाताची हातोडी.
खळगे एकसारखे नाहीत,
म्हणून तर, हॉलिस म्हणतो, हिला स्वभाव आहे.
काठापाशी त्यानंच पाडलेली तीन भोकं,
त्यांत तीन सैल रिवेट.
लग्नाच्या वर्षी बसवले,
आवाज घरी लवकर परतू नये म्हणून.

मी अकरा वर्षांची असताना तो शिकवायचा:
ओरडायला क्रॅश आहे.
राइड म्हणजे चालणं.
टिंग, टिंग-का-टिंग,
सगळा बँड हिच्या पाठीवर बसून जातो
आणि हिला ओझं कळू द्यायचं नाही.
घुमटीवर मारलीस तर ट्राम येतेय असं वाटेल,
लोक बाजूला होतील. जपून वापर.
लाकडी टोकाची काठी घे,
नायलॉनची दातांतून बोलते.

आणि ठोक्यांच्या खाली
सतत काहीतरी मंद उकळत असतं,
ड्रमवाले त्याला वॉश म्हणतात.
मला विचाराल तर ती आस.
वाढली की ठोके बुडतात,
आटली की नुसत्या टाचा, रिकाम्या जिन्यात.

हॉलिसला ती आता ऐकू येत नाही.
एकवीस वर्षं दिवसा रोलिंग मिल,
रात्री टेकडीवरचे क्लब.
कानाच्या डॉक्टरीणबाईंनी काढलेली रेघ
बरीचशी सरळ जाते
आणि मग कड्यावरून खाली पडते.
"लाकूड ऐकू येतं," तो म्हणतो. "कासं नाही."

म्हणून दर जानेवारीत मी येते.
तो एकच ठोका मारतो,
मी सांगायचं, काय उरलंय.
पहिल्या वर्षी मी म्हटलं,
तारेवरून हजार साळुंक्या एकदम उठल्या.
तो वैतागला.
"पाखरं नकोत. आकडा सांग."

यंदा काठाला केसाएवढी भेग.
टोकाशी बारीक भोक पाडून
त्यानं ती अडवली आहे. अडली आहे का, कोण जाणे.
ठोका.
चौदा, पंधरा,
सोळावर आवाज चिरकला
आणि हीटरच्या फुरफुरीत मिसळून गेला.
मी मोजत राहिले. ओठ हलवत.
वीस. एकवीस.
त्याच्याकडे बघून, हसून, तेवीस.

"थांब."
हॉलिस माझ्याकडे बघतच नव्हता.
तो रिवेटांकडे बघत होता.
"हे तिघं कधीच निजले, पोरी.
तू कुणाला मोजत होतीस?"

मी काहीच बोलले नाही.
बाहेरून बर्फ ढकलणारा ट्रक गेला,
त्याचा हादरा तेवढा आम्हा दोघांना सारखा पोचला.

मग त्यानं पेटीचं झाकण उलटं केलं.
आत खडूनं लिहिलेली वर्षं, समोर आकडे.
एकतीस. एकतीस. एकोणतीस.
मग तीस.
तिथे त्याचं बोट जरा रेंगाळलं.
मला ती जानेवारी आठवली, त्याच्या बायकोनंतरची पहिली.
त्यानं खोडलं नाही.
खाली सोळा लिहिलं,
बोटाचा खडू पँटला पुसला
आणि काठी माझ्यापुढे धरली.

"आता तू वाजव. चालव तिला. सावकाश."
"आणि तुम्ही?"

तो वाकला होता एव्हाना,
चश्मा कपाळावर,
नाक झांजेच्या इतकं जवळ
की श्वासाचं धुकं कांशावर उमटत होतं, विरत होतं,
डोळे तिघांवर रोखलेले,
मी पहिला ठोका मारायची वाट बघत.