जळण

शुक्रवारी तोनीरची पाळी आमची.
जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला मातीचा रांजण,
तळाशी द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काटक्या,
काठावर आम्ही दोघी.
मी लाटणारी, नवार्द लावणारी.

एकटीने लवाश होत नाही, प्रभू.
हे तू मुद्दामच असं ठेवलंस की काय?

मी कणिक लाटून कागदासारखी पातळ करते.
ती दोन्ही हातांवर झेलते, फिरवते, उशीवर ताणते,
कमरेतून वाकते,
आणि आतल्या तापल्या भिंतीवर एक थाप.
दोन श्वासांत पोळीला तांबूस फोड येतात.
अख्खं गाव म्हणतं, नवार्दचा लवाश.
कणिक कुणाची, कोणी विचारत नाही.

तिच्या जर्दाळूवर यंदा गारा पडल्या नाहीत.
माझ्यावर पडल्या. मध्ये फक्त एक कुंपण.
तिचा मिहरान दर रविवारी फोन करतो,
तिचं हसू भिंतीतून माझ्या स्वयंपाकघरात येतं.
माझा सेद्राक करतो नाताळला, तोही घाईत,
मागे कुठल्या तरी परक्या रस्त्यावरचे भोंगे.
मग मी भांडी आपटत बसते.
भांड्यांनी माझं काय वाईट केलं होतं?

पोटात दुखतं म्हणतात, पण ते पोटात नसतं.
ते डोळ्यांच्या मागे असतं.
चर्चमध्ये ती माझ्यापुढे उभी असते,
पिवळी मेणबत्ती वाळूत रोवते.
तिची सरळ राहते. माझी कलते.
तुझ्या घरात, एवढ्या धुपात,
मी मेणबत्त्यांची उंची मोजते.

तेर हुसिक एकदा सांगत होते त्या मळेवाल्याची गोष्ट,
उशिरा आलेल्यांनाही ज्याने पुरती मजुरी दिली.
सगळ्या माना डोलल्या.
मी मनात म्हटलं, सकाळपासून राबलेल्यांचं बरोबर होतं.
खोटं कशाला बोलू?

मग परवा तिचा हात भाजला,
मनगटापासून थेट कोपरापर्यंत.
ती ओरडली.
आणि मी उठायच्या आधी, पाण्याकडे धावायच्या आधी
माझ्या आत काहीतरी उठलं,
उन्हातल्या मांजरासारखं,
अंग ताणून, सुखानं.

पापणी लवावी, एवढंच.
पण मी पाहिलं त्याला.
तूही पाहिलंस.

हात पाण्यात धरला, फडकं गुंडाळलं.
पण अर्धी परात कणिक उरली होती
आणि निखारे काही थांबत नाहीत कुणासाठी.
तेव्हा तीस वर्षांत पहिल्यांदा मी तिथे वाकले
जिथे ती वाकते.

भुवया करपल्या. डोळ्यांतलं पाणी डोळ्यांतच आटलं.
पहिली पोळी राखेत पडली, दुसरीही.
मी आजवर तिची पाठ पाहिली होती,
तोंड कधी पाहिलंच नव्हतं
या धगीपुढचं.
दंडाच्या आतल्या बाजूला जुने डाग, एकाखाली एक,
मला वाटायचं जन्माचेच आहेत.

"अजून खाली वाक," नवार्द म्हणाली,
"घाबरलीस की ती चिकटत नाही."
हात छातीशी धरून, ओठ पांढरे,
आणि मला शिकवत होती.

त्या रात्री मी गुडघे टेकले आणि
सेद्राकच्या आधी मिहरानचं नाव घेतलं.
जीभ कोरडी पडली. दुसऱ्याचं कर्ज फेडावं तशी
नाणं नाणं मोजून प्रार्थना केली.
दुसऱ्या रात्री तसंच. तिसऱ्या रात्री विसरले,
उठून पुन्हा टेकले.
तू रागावला नसशील. तुला असे भिकार भक्त
सवयीचे असतील.

आज रविवार. भिंतीपलीकडे फोन वाजला.
हात सवयीने पातेल्याकडे गेला.
मी नळ बंद केला. ऐकलं.
मिहरानला खोकला आहे, पंधरा दिवस झाले.
ती हसत होती, पण मध्येच थांबत होती.

वाळवलेला पुदिना माझ्याकडे भरपूर आहे.
थोडा तिला दिला तर
तिच्या सुनेकडे जाणाऱ्या पुडक्यात घालेल.

आतल्या काटक्या अजून ओल्या आहेत, प्रभू,
धूरच फार होतो.
तरी पेटव.
जळायचंच आहे तर
कुणाची तरी भाकर भाजली जाऊ दे.