मागचं दार

केमीत डिसेंबरात दुपारीच रात्र होते,
हे तार्मोला सोयीचं.
औषधाच्या दुकानातल्या बाईनं
पावतीमागे लिहून दिलेलं:
मंगळवार, सात, जुनी शाळा, मागचं दार.

तो पुढच्या दाराशी गेला. कुलूप.
मग शाळेला एक फेरी, दुसरी,
बर्फात आपल्याच पावलांवर पाऊल देत,
म्हणजे कुणी पाहिलंच तर वाटावं
एकच माणूस, एकदाच गेलाय.

दारूचं दुकान शोधायला
कधी चिठ्ठी लागली नव्हती.

तिसऱ्या फेरीला कचऱ्याच्या डब्यांपाशी
एक म्हातारी सिगारेट विझवत म्हणाली,
"ओढू नकोस, ढकल.
मला हे कळायला दोन हिवाळे गेले."

आत करपट कॉफी.
खुर्च्या पहिलीच्या पोरांच्या,
सगळ्यांचे गुडघे हनुवटीला टेकलेले:
गोदीतला क्रेनवाला, एक नर्स,
आणि, अरे देवा, गणिताचे साल्मिनेन सर.
सरांनी ओळख दाखवली नाही.
नुसती शेजारची खुर्ची पायानं जरा सरकवली.

पाळी त्याच्यावर आली.
हातमोजे अजून हातातच.
नाव सांगायच्या आधी
त्यानं विचारलं,
पुढच्या मंगळवारीही
सातलाच ना?