पहिला स्पर्श जड

निवड समितीच्या कागदावर नाहिर तोलाबाच्या नावापुढे
तीनच शब्द होते: पहिला स्पर्श जड.
अठराजणींची यादी भिंतीवर लागली.
तिनं ती वरून खाली वाचली, मग खालून वर,
आणि म्हणाली, बाई, बस किती वाजता?

बस सातची. ब्वेनोस आयरेस सोडलं
की एक रात्र, एक दिवस, मग हुहुईला गाडी बदलून
आब्रा पाम्पापर्यंत आणखी चार तास.
खिडकीत आधी सोयाबीन, मग ऊस, मग नुसते डोंगर.
ती स्टिक गुडघ्यांत धरून झोपली.
मी कागदाची घडी घालत होते, उलगडत होते.

जड. खरंच आहे, नाकारू कशाला?
आमच्या मैदानावर चेंडू सरळ येतच नाही.
तो खड्यांना विचारतो, वाऱ्याला विचारतो,
लामांच्या लेंड्यांवरून टुणकन उडतो, मग येतो.
आला की मानगूट धरून थांबवायचा,
कुठून आलास रे, म्हणायचं, मगच पुढे धाडायचा.
हात घट्टच होणार.
तिकडे निळं टर्फ, खेळाआधी न्हाऊ घातलेलं.
पाण्याचे फवारे सुरू झाले तेव्हा
बाकीच्या मुली केस बांधत होत्या,
नाहिर बघत उभी.
बाई, हे पाणी नंतर कुठं जातं?
मला माहीत नव्हतं.

चारही सत्रं ती पळाली.
किनाऱ्याकडच्या पोरी गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या होत्या,
आणि ही मला सांगते,
इथली हवा जाड आहे हो, घोटाघोटानं पिता येते.
कागदावर त्यासाठी रकाना नव्हता.

चौऱ्याण्णव साली माझ्याही नावापुढे शेरा होता:
उंची कमी.
समुद्रापासून साडेतीन हजार मीटरवर राहणाऱ्या बाईला!
आई हसून हसून खोकली होती.
मी नव्हते हसले. अजूनही
तो कागद कुठं ठेवलाय ते मला ठाऊक आहे.

जुलैत पाण्याचा टँकर मंगळवारी येतो.
दोन एवारिस्तो तळाचं उरलेलं पाणी
शाळेमागच्या सिमेंटच्या चौकात सोडून जातात,
गढूळ, गंजाच्या वासाचं; पैसे घेत नाहीत,
फक्त विचारतात, जिंकलात का?
संध्याकाळी आम्ही ते झाडूनं पसरवतो.
नऊपर्यंत त्याची काच होते.

सकाळी सहाला, ऊन भिंत उतरायच्या आत,
बुटांवर लोकरीचे मोजे चढवून
सातजणी बर्फावर.
गोलात नाहिरची धाकटी बहीण,
जुनी गादी फाडून केलेले पॅड पायांना बांधून.
मी चेंडू मारते.
आणि तो येतो, कुणालाही न विचारता,
थेट, राजधानीतल्यासारखा.

पहिल्या दिवशी बारापैकी अकरा निसटले,
मुख्याध्यापकांच्या दाराला टोले पडत राहिले.
दुसऱ्या आठवड्यात रुफिना घसरून मनगट मोडून बसली,
तिच्या आईनं मला बाजारात गाठून जे सुनावलं
ते इथं लिहीत नाही. ती चूक नव्हती.
चार दिवस मी पाणी पसरलं नाही.
पाचव्या दिवशी गेले तर चौक आधीच ओला,
आणि झाडू कोपऱ्यात ठिबकत उभा.

किती सकाळी गेल्या, मोजल्या नाहीत.
एका सकाळी नाहिरनं खालचा हात सैल सोडला,
गरम मातेचा पेला धरावा तशी बोटं,
आणि चेंडू आला, स्टिकपाशी थांबला.
आवाज झालाच नाही.
आम्ही सगळ्या त्या न झालेल्या आवाजाकडे वळलो.
मग ऊन आलं, बर्फ सुटला,
शाळेची घंटा झाली.

मार्चच्या चाचणीचा अर्ज काल आला.
सरावाचं मैदान: पाण्याचं, वाळूचं, इतर.
मी 'पाण्याचं' वर खूण केली
आणि समासात बारीक अक्षरांत लिहिलं,
सकाळी सातपर्यंतच.