शेंगदाण्याएवढं एम-सील

तपोवनाच्या उतारावर काटा लालमध्ये गेला तेव्हा
मागे अठरा क्रेट शेवंती होती
आणि गणेशवाडीचा बाजार उठायला पाऊण तास.
बॉनेट उघडलं. तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा वास.
त्या आठवड्यात तिसऱ्यांदा
फुलवाल्या मावशीची बादली मागून
मी रेडिएटरला गंगा पाजली.

"गंगेचं पाणी पुण्याला ठीक," केदू मिस्त्री म्हणाला,
"इंजिनात क्षार धरतं."
पंखा दोन बोटांत धरून त्यानं हलवला.
सहा वर्षांच्या पोराच्या दातासारखा हलला तो.
"पंप गेला ताई. बेअरिंग खाल्लंय."

आडगाव नाक्यावर, टपरीला टेकून उभ्या टायरांच्या सावलीत
आधी बॅटरीची वायर सुटली, मग पट्टा,
मग पंखा, मग पुली.
खालून आलेलं पाणी पाट्यात धरलं:
दुसऱ्यांदा उकळलेल्या चहाच्या रंगाचं.
चारातला एक बोल्ट हटून बसला.
केदूनं त्याला रॉकेल पाजलं, हातोडीनं गोंजारलं,
आईवरून शिवी देता देता माझ्याकडे बघून
ती बापावर नेली.
बोल्ट निघाला.

पंप हातात घेऊन त्यानं उलटा केला.
"हे बघा. हा होल गळायसाठीच ठेवेल असतो.
आतलं सील गेलं की इथून थेंब येतो,
मालकाला कळावं म्हणून.
तुमचा कोणीतरी बुजेल आहे."

शेंगदाण्याएवढं एम-सील.
त्यावर अंगठ्याचा ठसा, रेघ न रेघ.
माझा अंगठा लावून पाहिला.
ठसा मोठा होता.

दशरथ गायधनी, पळसे.
व्यवहाराच्या दिवशी उसाचा रस पाजला होता त्यानं,
फॉर्मवर एकेक अक्षर उतरवत सही केली,
आणि जाता जाता म्हणाला,
"पाण्याचं काही टेन्शन नाही बघा."
पाण्याचं मी विचारलंच नव्हतं.
एवढी घाई कशाची, तेही नाही.

द्वारकेच्या दुकानात काउंटरवरचा पोरगा म्हणाला,
"बरोबर कोणी आलंय का?"
पिशवीतला जुना पंप काढून मी काचेवर ठेवला.
"हा आलाय."
त्यानं मुकाट्यानं कंपनीचा डबा काढला.

रिक्षाची वाट बघत फोन लावला.
शिव्या तयार होत्या, ओळीत उभ्या.
एका रिंगमध्ये उचलला त्यानं,
आणि हॅलोच्या आधी:
"गाडी बरी आहे ना?"
मागे कुठंतरी नळाखाली भांडं भरत होतं,
आवाज बारीक बारीक होत वर चढणारा.
"आहे," म्हटलं मी.
दोघंही ते भांडं भरेपर्यंत थांबलो.

जुनं गॅस्केट ब्लेडनं खरवडायला तास गेला.
ते काम केदूनं मला दिलं. "ओरखडा नको," एवढंच सांगितलं.
शेलॅक, नवं गॅस्केट, नवा पंप.
बोल्ट आवळताना समोरासमोरचे, थोडे थोडे,
एकाचं पोट भरून दुसऱ्याला उपाशी ठेवायचं नाही.
हिरवं कूलंट, झाकण उघडं, इंजिन चालू.
बुडबुडे येत राहिले, एखादा उशिराही,
सगळे गेले वाटल्यावर.

शेवंतीचं काय झालं विचारू नका.
निम्मी मावशीनं हारात ओवली,
निम्मी टपरीच्या गणपतीला.

आता रोज पहाटे मखमलाबादला निघण्याआधी
गाडीखाली टॉर्च मारते.
होल उघडा आहे. कोरडा.
एम-सीलचा तो तुकडा डॅशबोर्डच्या खणात,
सुट्ट्या नाण्यांत लोळतो.
टोल देताना कधी कधी
तोच हाताला लागतो आधी.